हिरवा ठिपका आणि हिरवा त्रिकोण

(बचतगटांसाठीच्या सकाळच्या कार्यक्रमात एका अंगणवाडी सेविकेने केलेलं भाषण)

आत्ता कुणी डबा भरत असेल, कुणी वावरात निघायच्या घाईत असेल. हात चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

मला आज विषय दिला आहे तो असा : लहान मुलांना अक्षर यायच्या आधी खुणा कशा कळतात आणि त्या आपण त्यांना कशा शिकवाव्यात. सोपा वाटला म्हणून मी लगेच हो म्हटलं. रोजचंच काम आहे माझं. मग रात्री आठवलं, की याच विषयात माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती माझ्याच घरात उघडी पडली आहे. तेव्हा ती सांगणारच. पण आधी थोडं खुणांबद्दल बोलू.

अंगणवाडीत वीस-पंचवीस लेकरं एकदम बोलायला लागली की छप्पर उडायचं बाकी राहतं. त्यावर मी ओरडत नाही. ओरडून मुलं गप्प होत नाहीत, तीही ओरडायला लागतात. मी ओठांवर बोट ठेवते आणि नुसती उभी राहते. पुढचं एखादं मूल बघतं, तेही बोट ठेवतं. मग शेजारचं, मग मागचं. जरा वेळात सगळे चिडीचूप. मी एक शब्द बोललेली नसते.

तुमच्या घरातलं तान्हं आठवा. वर्षाच्या आसपासचं बाळ बोट करून चांदोबा दाखवतं. 'चांदोबा' हा शब्द त्याला पुष्कळ पुढे येतो. दोन्ही हात वर केले म्हणजे उचलून घे, मान फिरवली म्हणजे पुरे, आता भरवू नको. आपल्याला कळतं ना? गोठ्यातली गाय कान टवकारून फाटकाकडे बघायला लागली की कुणीतरी आलं, हे आपल्याला चुलीपुढे बसून कळतं. कुत्र्याने शेपटी पायात घातली तर ते भ्यालेलं आहे. त्याच्याजवळ जायचं नाही, कारण भ्यालेलं कुत्रं चावतं. ही गोष्ट मुलांना जरूर दाखवा. दुरूनच दाखवा, पण दाखवा.

या झाल्या अंगच्या खुणा. दुसऱ्या खुणा माणसांनी बसून ठरवलेल्या असतात. लाल दिवा लागला की थांबायचं, हे कुणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. लाल रंग लांबून दिसतो, म्हणून धोक्याला लाल घेतला असं सांगतात, हे कारण चांगलंच आहे. तरी ते एकदा कुणीतरी सांगावंच लागतं.

आपल्या देशाने खुणांवर किती मोठं काम केलंय बघा. १९५१-५२ साली पहिली निवडणूक झाली तेव्हा शंभरातल्या ऐंशीहून जास्त लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायकांची स्थिती तर विचारूच नका. मग मत द्यायचं कसं? प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर त्याचं चित्र लावलं. आपल्या आज्या-पणज्यांनी चित्र बघून त्या पेटीत कागद टाकला. अंगठेबहाद्दर म्हणून त्यांना कुणी हिणवलं असेल, पण त्यांनी सरकार निवडलं.

आणि आपल्या अंगणवाडीत तर रोजच खुणा आहेत. बाळाचा दंड मोजायची पट्टी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवं, साडेअकरा ते साडेबारा पिवळं, साडेअकराच्या खाली लाल. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराला ती लावतात. आकडा न वाचताही आई पट्टीकडे बघते आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळतं की तिला कळलं.

लसीच्या दिवशी नर्सताई कुपी उचलून निरखून बघतात, ते कशाला? पुष्कळ लसींच्या कुपीवर एक छोटा गोल असतो, गोलाच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस उन्हातान्हात तापलेली नाही, चालेल. गरमी लागत गेली की तो चौकोन गडद होत जातो. गोलाच्या रंगाएवढा झाला किंवा त्याहून काळपट झाला, की ती कुपी टाकून द्यायची. पुढच्या वेळी नर्सताईंना सांगा, आम्हालाही दाखवा म्हणून. आनंदाने दाखवतील.

आता माझी गोष्ट.

आमचे यजमान माळकरी. घरात मांस-मच्छी, अंडं काही चालत नाही. दुकानातल्या पुड्यांत काय घातलेलं असतं ते आपल्याला काय कळणार, म्हणून मी नातीला पुड्यावरची खूण शिकवली होती. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असला की ते शाकाहारी, आपण खायचं. तपकिरी खूण असली की ते मांसाहारी, आपण घ्यायचं नाही. पोरगी तेव्हा जेमतेम चार वर्षांची. काय तिची ऐट! दुकानात गेली की प्रत्येक बिस्किटाचा पुडा उलटापालटा करायची आणि दुकानदाराला सांगायची, 'हे आपलं आहे, हे आपलं नाही.' मी चारचौघींत कौतुक सांगत फिरायचे. अक्षर येत नाही, पण लेबल वाचते.

श्रावण होता. पऱ्हाटी कमरेएवढी झाली होती, फवारणीचे दिवस. मुलाने कृषी केंद्रातून बाटल्या आणल्या आणि ओसरीवर बाकाखाली ठेवून तो जेवायला बसला. मी आतून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले तर नात बाकापुढे उकिडवी बसलेली. एक हात बाटलीच्या झाकणावर, दुसऱ्या हाताचं बोट लेबलाच्या खालच्या कोपऱ्यावर. मला बघून म्हणाली, 'आजी, हे आपलं आहे. हिरवं आहे बघ.'

तांब्या तिथेच पडला.

झाकण घट्ट होतं. एवढंच. माझी हुशारी नाही की कुणाची काळजी नाही, झाकण घट्ट होतं. मी बाटली हिसकावली, तिला ओढत मोरीवर नेलं, साबणाने दोन्ही हात धुतले. ती रडायला लागली. तिला वाटलं आजी रागावली. तिच्या हिशेबात तिचं काहीच चुकलं नव्हतं. आणि खरंच चुकलं नव्हतं. मी शिकवलेलंच तिने वाचलं होतं.

त्या रात्री मी ती बाटली दिव्याखाली धरून पहिल्यांदा नीट पाहिली. इतकी वर्षं घरात बाटल्या येत होत्या, फवारणीसाठी पाणी मीच भरून देत होते, पण लेबल कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कृषी सहायकांना गाठून विचारून घेतलं. ते तुम्हाला सांगते. जवळ बाटली असेल तर आत्ता उचलू नका, मुलं शाळेत गेली की बघा.

कीटकनाशकाच्या बाटलीवर उभा काटकोर चौकोन असतो, पत्त्यांमधल्या चौकटसारखा. त्याचे दोन भाग केलेले असतात, वर एक त्रिकोण, खाली एक. खालचा त्रिकोण रंगवलेला असतो. रंग चारच. लाल म्हणजे अत्यंत जहाल विष. याच्याच वरच्या अर्ध्या भागात कवटी आणि आडवी हाडं असतात. पिवळा म्हणजे त्याच्या खालोखालचं जहाल विष. इथे कवटी नसते, पण वर विष असल्याचा शब्द लिहिलेला असतो. निळा म्हणजे मध्यम विषारी, त्याच्यावर धोक्याची सूचना. आणि हिरवा म्हणजे त्या चौघांत कमी विषारी, त्याच्यावर सावधगिरीची सूचना.

कमी विषारी. बिनविषारी नव्हे. हिरव्या त्रिकोणाची बाटलीसुद्धा विषाचीच बाटली आहे.

आता चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यातून बघा. सिग्नलचा हिरवा म्हणजे जा. दंडाच्या पट्टीवरचा हिरवा म्हणजे छान, बाळ तब्येतीने चांगलं. पुड्यावरचा हिरवा म्हणजे खा. आणि बाटलीवरचा हिरवा? रंग एकच, पण जागा बदलली की अर्थ बदलतो. मोठ्यांना हे आपोआप कळतं असं आपण धरून चालतो. मुलाला ते सांगावं लागतं. मी नातीला रंग शिकवला होता, जागा शिकवली नव्हती. ती माझी चूक.

नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नये याचं आणखी एक कारण आहे. काही माणसांना जन्मापासून लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. पुरुषांमध्ये हे जास्त आढळतं. उभ्या सिग्नलवर लाल नेहमी वर आणि हिरवा खाली असतो, त्यामुळे ज्याला रंग कळत नाही तो जागेवरून ओळखतो. खाण्याच्या पुड्यांवरही अलीकडे मांसाहारीची खूण गोल ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण केली आहे, ती याच कारणाने, की रंग नाही कळला तरी आकार कळावा. तुमच्या घरात एखादा मुलगा सारखे रंग चुकवत असेल तर त्याला चिडवू नका. डॉक्टरांना दाखवा.

बरं, तुम्ही म्हणाल, कवटी तरी सगळ्यांना कळते. मलाही तसंच वाटायचं. मग एक दिवस अंगणवाडीत एक पोरगा बाजारातून आणलेला नवा शर्ट घालून आला. पुढे ही मोठी पांढरी कवटी! सगळी मुलं त्याच्याभोवती. कुणी घाबरलं नाही, उलट प्रत्येकाला तसाच शर्ट पाहिजे होता.

अमेरिकेत हाच प्रश्न आला होता. पिट्सबर्ग नावाचं शहर आहे, तिथे मुलांच्या दवाखान्यात विषबाधेचं काम बघणारे एक डॉक्टर होते, रिचर्ड मोरियार्टी. त्यांच्या लक्षात आलं की मुलांना कवटी म्हणजे विष वाटतच नाही, समुद्री चाचे वाटतात, गोष्टीतले. त्या शहराच्या चेंडूफळीच्या संघाचं नावसुद्धा 'चाचे'! मग १९७१ साली त्यांनी नवीन खूण काढली : तोंड वाकडं करून जीभ बाहेर काढलेला, ओकारी आल्यासारखा चेहरा. मुलांनाच विचारलं की कुठला चेहरा, कुठला रंग सगळ्यात नकोसा वाटतो. मुलांनी निवडला हिरवट रंग. ऐकून मी हसले. आमच्या पोरीला हिरवा म्हणजे 'आपलं', तिकडच्या पोरांना हिरवा म्हणजे 'शी'.

पण या गोष्टीचा पुढचा भाग जास्त कामाचा आहे. त्या चिठ्ठ्या घरोघर बाटल्यांवर चिकटवल्या गेल्या आणि नंतर तपासून पाहिलं, तर अगदी लहान मुलं चिठ्ठीमुळे थांबत नव्हती. काही तर चिठ्ठी बघायलाच जवळ जायची. म्हणून साफ सांगते. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला खूणबिण काही नाही, त्याच्यासाठी फक्त कुलूप. आमच्याकडे आता पत्र्याची जुनी पेटी आहे, ती घराच्या बाहेर, गोठ्याच्या वरच्या फळीवर, कुलूप लावून. किल्ली यजमानांकडे आणि माझ्याकडे. खुणा शिकवायच्या त्या त्याहून मोठ्यांना, आणि कुलूप लावूनच शिकवायच्या.

शिकवायच्या कशा, तर मी असं करते. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर मीच रंगवते : हिरवा ठिपका, हिरवा त्रिकोण, लाल त्रिकोण कवटीसकट, सिग्नलचे तीन गोल. खरी बाटली आणायची नाही. रिकामी, धुतलेलीही नाही. कितीही धुतली तरी ती विषाचीच. पुठ्ठा दाखवला की आधी विचारायचं, 'हे कुठे असतं?' मुलाने 'पुड्यावर' म्हटलं तर मग, 'काय सांगतं?' आधी कुठे, मग काय. हा क्रम सोडायचा नाही. मुलं दोन-तीन दिवसांत इतकी तयार होतात की मलाच पकडतात. एक जण म्हणाला, 'बाई, आमच्या घरी हा पिवळा मीठ-मिरचीच्या फळीवर आहे.' मी त्याच दिवशी त्याच्या आईला भेटले. तिने लगेच उचललं. वाईट वाटून घेतलं नाही, उलट म्हणाली, बरं झालं पोराने सांगितलं.

एक गोष्ट मात्र खुणेच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि ती आपण बायकाच जास्त करतो. मोठ्या बाटलीतलं उरलेलं थोडंसं औषध शेजारणीने मागितलं, की आपण थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून देतो. रॉकेलही तसंच ठेवायचो आपण. औषध गेलं नव्या बाटलीत, पण त्रिकोण राहिला जुन्या बाटलीवर. नव्या बाटलीवर चित्र कशाचं? संत्र्याचं! मूल तर चित्र वाचतंच आहे, आणि ते चित्र त्याला सांगतं, पी. विष दुसऱ्या भांड्यात काढायचं नाही. शेजारीण रुसली तर रुसू द्या.

ड्रममध्ये कालवलेल्या पाण्याचंही तेच. त्यावर कुठलाच त्रिकोण नसतो, दिसायला ताकासारखं पांढरं. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. मोठी, कामाची माणसं ती. ते दिवस इथल्या कुणाला विसरता येणार नाहीत. तेव्हा ड्रमाजवळ पोरांना फिरकू देऊ नका, आणि त्यातला मग्गा घरात आणू नका.

आणि देव न करो, पण कुणाच्या लेकराने तोंडाला लावलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावू नका. १०८ नंबरला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा, आणि ती बाटली लेबलासकट पिशवीत घालून सोबत न्या. कुठलं विष आणि त्यावर उतारा काय, हे लेबलावर आणि सोबतच्या कागदावर छापलेलं असतं. डॉक्टरांचा वेळ वाचतो.

मघापासून मीच किती वेळा 'औषध' म्हणाले, लक्षात आलं का तुमच्या? जीभच तशी वळलेली आहे. 'कपाशीला औषध मारलं', 'औषध आणलं', 'औषध संपलं'. आणि त्याच घरात पोराला ताप आला की म्हणतो, 'औषध घे बाळा, गोड आहे.' बाटलीवरचं चित्र बिचारं खरं सांगत असतं आणि आपण तोंडाने त्याच्या उलट बोलतो.

माझ्या हे स्वतःहून ध्यानात आलं नाही. पुठ्ठ्यांचा खेळ शिकून नात पक्की झाली त्याच्या पुढच्या हंगामातली गोष्ट. यजमानांनी ओसरीवरून हाक मारली, 'पेटीची किल्ली आण गं, औषध काढायचंय.' ती किल्ली घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, 'आजोबा, त्याच्यावर तर त्रिकोण आहे. मग तुम्ही त्याला औषध का म्हणता?'

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? त्यांनी तिच्या हातातून किल्ली घेतली आणि गोठ्याकडे गेले. संध्याकाळी मुलगा परत निघाला तेव्हा त्याला म्हणाले, 'उद्या विष आणायचं असेल तर संध्याकाळी आण, पोरं झोपल्यावर.' तेव्हापासून आमच्या घरी कपाशीवर विषच फवारतात.